गायरान, देवराई, तळं वाचवायचं असेल तर सुरुवात कुठून करायची? (बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या नवीन मंडळींसाठी)

आपल्या भागात हल्ली बरीच पोरं विचारायलेत की गावचं गायरान चाललंय, तळ्यात माती ढकलायलेत, डोंगराचा मुरूम रात्रीत गायब होतोय, काहीतरी करायला पाहिजे पण करायचं काय. आणि बहुतेक ठिकाणी सगळा उत्साह वृक्षारोपणात जातो. ५ जूनला खड्डे, एकसारखे टी-शर्ट, फोटो, नाष्टा, आणि पुढच्या एप्रिलात बघायला गेलं तर झाड नसतं, कधीकधी तर जागाच नसते, तिथं कुणाचं तरी शेड उभं असतं. म्हणून क्रम सांगतो: आधी कागद, मग हद्द, मग ठराव, आणि झाडं सगळ्यात शेवटी, ती पण लागणार असतील तरच. आणि या सगळ्यात एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, ज्या जागेवर कुणाचं रोजचं काम नाही ती जागा राहत नाही, मग कागद कितीही चांगला असू दे.

पहिलं काम, गाव फिरा

एकट्यानं नको. गुरं राखणारा एखादा मामा, सरपणाला जाणारी आज्जी, मेंढरं घेऊन येणारे धनगर, यांच्याबरोबर शिवारातनं एक फेरी मारा. त्यांना प्रत्येक तुकड्याचं नाव माहीत असतं, पाणी कुठनं येतं, कुठं मुरतं, कुठल्या ओढ्याला मे महिन्यात पण झरा असतो, कुठली पाणंद कुणी नांगरून शेतात घेतली, सगळं. हे कुठल्याच ऑफिसात मिळत नाही. फिरता फिरता यादी करा: गायरान, देवराई, तळं, ओढे-नाले, पाणंदी, स्मशानाची जागा, जुनी खळी, डोंगरावरचा सडा (उघडं खडकाळ पठार). पाणंद आणि नाला लोक विसरतात, पण जास्त खाल्लं जातं ते तिथंच, कारण गुंठ्या-अर्ध्या गुंठ्यानं जातं आणि कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

आपल्या जिल्ह्यात जागा सगळीकडं एकसारखी नाही हे पण आधी समजून घ्या. जांबोटी-कणकुंबीकडं धो धो पाऊस, दाट रान, मलप्रभा तिथंच उगम पावते, भीमगड अभयारण्य तिकडंच, २०११ ला जाहीर झालेलं. बेळगावच्या आजूबाजूला भाताची शेती आणि त्यातनं जाणारे नाले. आणि उत्तरेकडं चिकोडी-अथणीला कोरडा माळ. एका ठिकाणचा उपाय दुसऱ्या ठिकाणी चालत नाही, खानापुरातलं बघून अथणीच्या माळावर जंगल करायला गेलात तर पैसे पण जाणार आणि माळ पण.

दुसरं, उतारा काढा

मोबाईलवर कर्नाटक सरकारचं दिशांक नावाचं ॲप आहे, जागेवर उभं राहून उघडलं की तुम्ही कुठल्या सर्वे नंबरात उभे आहात ते दाखवतं. फुकट आहे. फक्त ते अंदाजाला चांगलं, मोजणीचा पुरावा म्हणून कुणाच्या तोंडावर धरू नका, बांधाजवळ थोडंफार इकडं-तिकडं होतं. सर्वे नंबर मिळाला की उतारा, म्हणजेच आरटीसी किंवा पहाणी, ऑनलाईन बघता येते, सहीची प्रत नाडकचेरीत, म्हणजे होबळीच्या महसूल ऑफिसात मिळते.

उताऱ्यात काय बघायचं? मालकाच्या रकान्यात सरकार आहे का, गायरान किंवा गोमाळ असं लिहिलंय का, आणि क्षेत्र किती एकर किती गुंठे. मग खराबाचा रकाना. नवीन माणूस हमखास हा सोडतो. खराब दोन प्रकारचा, अ आणि ब. अ खराब म्हणजे खडक वगैरे, पिकत नाही पण जमीन त्या मालकाचीच. ब खराब म्हणजे नाला, रस्ता, तळं, पाणंद असं सार्वजनिक वापराचं, ते खाजगी सर्वे नंबराच्या आत असलं तरी त्याच्यावर मालकाचा हक्क नाही. तुमच्या गावातली पाणंद कुठं गेली असा प्रश्न असेल तर उत्तर बऱ्याचदा ब खराबाच्या दोन-चार गुंठ्यात सापडतं. त्याच्या जोडीला गावचा नकाशा, आकारबंद (सर्वे नंबरवार क्षेत्राची नोंद) आणि टिप्पण (मोजणीचा कच्चा नकाशा) हे तीन जुने कागद मिळवा. टिप्पणात मूळ मापं असतात, पुढं भांडण झालं तर तेच उपयोगाला येतं.

कागद बघितल्यावर कधीकधी धक्का बसतो. गाव ज्याला गायरान म्हणतं ते फॉरेस्टचं निघतं, देवराई मुजराई खात्याच्या (सरकारचं देवस्थान खातं) देवळाच्या नावावर निघते, नाहीतर जमीन मागंच कुणाला तरी मंजूर झालेली असते. म्हणून उतारा बघायच्या आधी बोर्ड लावू नका, घोषणा देऊ नका. आणि अजून एक गैरसमज, पंचायत गायरानाची मालक नसते. जमीन सरकारची, महसूल खात्याची, अतिक्रमण काढायचा अधिकार तहसीलदारांचा. पीडीओसाहेबांवर (पंचायत विकास अधिकारी) ओरडून काय होणार, त्यांच्या हातात ठराव आणि पत्रव्यवहार एवढंच आहे. फॉरेस्टचं असेल तर रेंज ऑफिस.

कागद मिळत नसेल तर माहिती अधिकार. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यायला पाहिजे. कर्नाटकात एक खोच आहे, एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांच्या आत. बरीच पोरं चार पानी तक्रार लिहून पाठवतात आणि अर्ज परत येतो. "सर्वे नंबर अमुकचा आकारबंद, टिप्पण आणि सध्याच्या अतिक्रमणाची यादी द्यावी" एवढंच लिहा, राग घरी ठेवा.

भाषेचं काय, हे पण येतंच. राज्यघटनेच्या ३५० कलमाप्रमाणे तक्रार-गाऱ्हाणं राज्यात किंवा केंद्रात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं, मराठीतला अर्ज घ्यायलाच पाहिजे. पण माझं स्पष्ट मत, जमिनीच्या कामात कन्नड प्रत सोबत जोडा, काम लवकर हलतं. भाषेचा लढा वेगळा आणि चालू राहू दे, गायरान मात्र त्याच्यात अडकवून ठेवू नका. एखादा कन्नड शाळेत शिकलेला पोरगा किंवा सूनबाई ग्रुपमध्ये घ्या, अर्धा प्रॉब्लेम तिथंच मिटतो.

गुरांचा हिशेब

आता हे जरा सावकाश वाचा. कर्नाटक महसूल नियम १९६६ मधला ९७ नंबरचा नियम सांगतो की गावातल्या दर शंभर जनावरांमागं १२ हेक्टर, म्हणजे जवळपास ३० एकर चराई राखून ठेवायची. यात शेळ्या-मेंढ्या धरत नाहीत. म्हणजे पशुगणनेचा आकडा तुमच्या गायरानाचा आधार आहे. आकडा पशुवैद्यकीय दवाखान्यातनं मागा आणि उताऱ्यावरच्या क्षेत्राशी ताडून बघा. क्षेत्र कमी पडत असेल तर "आमच्याकडं आधीच कमी आहे, आणखी देता येणार नाही" हा मुद्दा तुमच्याकडं लेखी झाला.

उलटी बाजू पण आहे. ट्रॅक्टर आले, बैल विकले, म्हशी विकल्या, जनावरं कमी झाली की गायरान "गरजेपेक्षा जास्त" ठरतं आणि दुसऱ्या कामाला द्यायची वाट मोकळी होते, कधी घरकुलाला, कधी कचऱ्याच्या युनिटला, कधी कुठल्या सरकारी बिल्डिंगला. अतिक्रमण करणारा शेजारी डोळ्यात येतो, पण मोठा घास बऱ्याचदा सरकारच घेतं आणि कायदेशीर घेतं. म्हणून गावात जनावरं ठेवणारी जी घरं उरलीत त्यांना धरून राहा. गुरं चरायला येणं बंद झालं की तुमच्या बाजूनं बोलायला कोण राहणार? पर्यावरणवाली चार शिकलेली पोरं, आणि त्यांना पुण्या-बेंगळूरला नोकरी लागली की ती पण नाहीत.

हद्द

अतिक्रमण एका रात्रीत होत नाही. आधी कोपऱ्यात शेणी रचतात. कोण बोलत नाही. मग पिंजराची गंजी येते, जनावरं तिच्याकडं जाऊ नयेत म्हणून काटे टाकतात, मग काट्याला चार खांब आणि तार. मग पत्र्याचं शेड, त्यात म्हैस बांधली की "कुठं ठेवू ओ गरिबानं" म्हणायला मोकळा. पुढं लाईटचं मीटर, मग घरपट्टीची पावती, आणि पावती आली की माणूस वकिलाकडं जातो. थांबवायची वेळ शेणी-पिंजराला असते, तेव्हा पंच मंडळींनी घरी जाऊन चहा पिता पिता सांगितलं तरी निम्मं काम होतं. मीटर लागल्यावर तहसीलदार आले तरी वर्षं जातात.

म्हणून हद्द आधी ठरवून घ्या. मोजणीसाठी तहसीलदारांकडं गावच्या वतीनं अर्ज द्या, हद्दबस्त करून मागा. सर्वेअर येतील त्या दिवशी लागून असलेल्या सगळ्या शेतकऱ्यांना बोलवा, नोटीस मिळाली नाही असं नंतर कुणी म्हणायला नको. दगड रोवतील तिथं प्रत्येक दगडाचा फोटो, मागं ओळखू येणारं झाड किंवा विहीर दिसेल असा. आणि जमलं तर हद्दीवर चर मारून घ्या, दगड उचलून हलवता येतो, चर बुजवला तर दिसतो.

एक गोष्ट जपून. गायरानात कसणारे सगळे लुटारू नसतात. भूमिहीन घरं दोन-दोन पिढ्या एकरभर कसत असतात, त्यांचे बगर हुकूमचे, म्हणजे विनापरवाना कसलेली सरकारी जमीन नावावर करून मागायचे अर्ज, फॉर्म ५०, ५३, ५७, तालुक्याला पडून असतात. जंगलाकडेला गवळी धनगरांचे वनहक्काचे दावे असतात, २००६ च्या कायद्याखालचे. अशा लोकांवर पहिला दगड टाकलात तर गाव फुटतं आणि ज्यानं दहा एकराला तार मारलीय तो बाजूला बसून हसतो. मोठ्यापासून सुरू करा.

ठराव

कर्नाटकच्या पंचायत राज कायद्याप्रमाणे ग्रामसभा सहा महिन्यांतनं एकदा तरी व्हायला पाहिजे, वॉर्डसभा पण. कागदावर होतातच. तारीख आधी विचारून ठेवा आणि माणसं घेऊन जा, खासकरून बायका, बचत संघाच्या बायका आल्या की सभेचा सूर बदलतो, सरपण-पाण्याचा प्रश्न त्यांच्या रोजच्या डोक्यावर असतो. ठराव मोघम नको. "गावची गायरान जमीन जपावी" याला काही अर्थ नाही. सर्वे नंबर, एकर-गुंठे, चतुःसीमा, कशासाठी राखायची आणि कशाला देऊ नये, हे सगळं लिहून न्या, वाचून दाखवा, प्रोसिडिंग बुकात चढलं का तिथंच बघा, आणि सहीशिक्क्याची नक्कल घेतल्याशिवाय उठू नका.

त्याच सभेत अजून एक विचारा, आपल्या पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समितीवर कोण कोण आहे? २००२ च्या जैवविविधता कायद्यात प्रत्येक पंचायतीत ही समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. बऱ्याच गावात समिती असते पण समितीतल्यांनाच माहीत नसतं. नोंदवही मागून बघा, नुसती आंबा-फणस-गाय-म्हैस अशी यादी असेल तर नवीन भरा. नोंद कशी असावी? "तळ्याच्या पश्चिमेच्या पाणथळात पावसाळ्यात लव्हाळं वाढतं, दिवाळीनंतर बदकं उतरतात, मार्चला पाणी आटलं की कडेनं गुरं चरतात, तळ्याचं तोंड भावकाईच्या देवळाकडनं येणारा ओढा." अशी. जागा, महिना, कोण वापरतं, पाणी कुठनं. उद्या कुणी म्हणालं ही पडीक जमीन आहे तर ही नोंद समोर ठेवता येते.

खरंच मोठी देवराई असेल तर याच कायद्यात जैवविविधता वारसा स्थळाची पण सोय आहे. देवनहळ्ळीजवळच्या नल्लूरच्या चिंचबनाला २००७ मध्ये तो दर्जा मिळाला, देशात पहिला. म्हणजे चिंचेच्या जुन्या झाडांना पण मिळतो, वाघ-हत्तीच पाहिजेत असं नाही.

आता रानाचं काम

पहिला नियम, माळावर आणि सड्यावर झाडं लावू नका. जांभ्याचा सडा उन्हाळ्यात काळा, ओसाड दिसतो, म्हणून लोकांना वाटतं इथं काहीच नाही. पावसाळा सरता सरता जाऊन गुडघ्यावर बसून बघा, टिचभर पाण्यात सीतेची आसवं, गेंद, बोटभर उंचीची गवतं, खड्ड्याखड्ड्यात बेडूक. टिटवी उघड्या खडीवर चार अंडी घालते, घरटं असं नसतंच, अंडी दगडासारखीच दिसतात, पाय पडेपर्यंत कळत नाही. तिथं जेसीबीनं खड्डे मारून अकेशिया लावला तर टिटवी पण जाते, चंडोल पण, लावा पण, आणि खाली गवत उगवत नाही म्हणून गुरं पण. झाडं लावायचीच तर ओढ्याच्या काठाला, पाणंदीच्या कडेला, देवराईच्या उसवलेल्या कडांना, आणि जवळच्या रानातली: जांभूळ, करंज, ऐन, किंजळ, हिरडा.

लावण्यापेक्षा उपटणं जास्त कामाचं. रानमोडी ऑक्टोबरात, फुलायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट निघते, नंतर फक्त बी उडवायचा उद्योग होतो. घाणेरी वरनं तोडली तर दुप्पट फुटते. तिचं सोटमूळ जमिनीच्या खाली तीन-चार इंचांवर कुदळीनं तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं, मुळं वर करून ठेवायचं, म्हणजे परत मातीला धरत नाही. गाजरगवताला हातमोजे घाला, अंगाला खाज उठते. आणि एकदम सगळं साफ करू नका, घाणेरीत ससे-लावे लपलेले असतात, एका वर्षी एक कोपरा बास.

वणवा. जानेवारी संपायच्या आत हद्दीनं जाळरेषा काढून घ्या, गवत कापून पट्टा मोकळा करायचा. "जाळल्यावर गवत चांगलं येतं" म्हणणारे काका प्रत्येक गावात असतात, त्यांच्याशी भांडू नका, गवत कापून न्यायची सोय करून द्या, आग आपोआप कमी होते. चराईला पण पाळी लावा, गायरानाचा एक तुकडा पावसाळ्यात बंद, गवताचं बी पडलं की कापणी, पुढच्या वर्षी दुसरा तुकडा. आपल्याकडं गावं देवीचे वार पाळतात ना, तसाच हा नियम देवस्की पंचांच्या (देवस्थानाचे पंच) तोंडून आला तर कुणी मोडत नाही, तुमच्या व्हॉट्सॲपवरनं आला तर पहिल्याच दिवशी मोडतात.

देवराईत धोका कुऱ्हाडीपेक्षा जीर्णोद्धाराचा जास्त. छोट्या दगडी देवाला मोठं देऊळ, मग फरशी, मग भक्तांना बसायला मंडप, गाड्यांना जागा, आणि राई म्हणून चार झाडं राहतात. देवळाला विरोध करून गावात राहता येत नाही, पण बांधकाम राईच्या बाहेरच्या बाजूला घ्या एवढं पंचांना पटवता येतं. पालापाचोळा झाडू नका. वाळलेलं, पोकळ झाड "पडेल" म्हणून काढू नका, धनेश अशाच ढोलीत घरटं करतो.

तळ्याचा गाळ उन्हाळ्यात काढा, शेतकरी स्वतःच्या ट्रॉलीनं नेतात. फक्त तळ्याची कढई करू नका. सगळीकडनं उभा काठ, दगडी पिचिंग, वर पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक, असं केलं की पाणपक्ष्यांना उतरायला उथळ जागा राहत नाही आणि म्हशीला चढता येत नाही. एक बाजू तरी उतरती, गवताची ठेवा. आणि तळ्यापेक्षा तळ्यात येणारे ओढे आधी बघा. बळ्ळारी नाल्याचं उदाहरण आपल्या समोर आहे, गाळ आणि जलपर्णीनं नाला तुंबतो आणि पावसाळ्यात येळ्ळूर-वडगाव-शहापूर शिवारातलं भात पाण्याखाली जातं.

फोटो काढा, ईबर्ड, आयनॅचरलिस्ट या पक्षी-निसर्गाच्या नोंदींच्या साईटवर नोंदी टाका, तारखेसकट पुरावा होतो. पण ऑर्किड, घरटी, वटवाघळांच्या गुहा यांचं लोकेशन रीलमध्ये नको. भीमगडच्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ ही दुर्मिळ जात राहते, तिच्यासाठी ती गुहा फार मोलाची आहे, तिथं रोज शंभर बाईक गेल्या तर काय राहील.

कोण खरंच जेसीबी घेऊन आलं तर

त्याच दिवशी फोटो, व्हिडिओ, वेळ, सर्वे नंबर, आणि तहसीलदारांना लेखी अर्ज, पोच घ्यायची. प्रत पीडीओला, तलाठ्याला, पोलीस स्टेशनला. अर्जात ठरावाची नक्कल आणि उतारा जोडा. सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग विरुद्ध पंजाब या खटल्यात २८ जानेवारी २०११ ला गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलंय, तो उल्लेख एका ओळीत करा. सरकारी जमीन बळकावण्याविरुद्ध कर्नाटकचा २०११ चा वेगळा कायदा आहे, त्याचं खास कोर्ट बेंगळूरला. हायकोर्टात जायची वेळ आली तर आपल्याला धारवाडचं खंडपीठ. पण कोर्ट म्हणजे पैसा आणि वर्षं, त्याच्या आधी पंधरा-वीस माणसं मिळून तहसीलदारांना भेटा, एकट्यानं नको, आणि रात्री मुरमाचे टिप्पर अडवायला तर अजिबात नको, नंबर टिपा आणि घरी या.

आणि फाईल. उतारे, नकाशा, टिप्पण, ठरावाच्या नकला, पोच घेतलेले अर्ज, हद्दीच्या दगडांचे फोटो, सगळ्याचे तीन संच करा. एक युवक मंडळात, एक देवस्थान पंचांकडं, आणि एक गावात कायम राहणाऱ्या एखाद्या वहिनी-काकूंच्या कपाटात, मंडळातली पोरं बदलतात आणि पंचांची दर काही वर्षांनी भांडणं होतात. दर वर्षी पाडव्याच्या आसपास नवीन उतारा काढून जुन्याशी ताडून बघायचा, नावात, क्षेत्रात एका गुंठ्याचा जरी फरक दिसला तर त्याच आठवड्यात नाडकचेरी.